९११ टर्बो आणि ९११ जीटी३ : एका घराण्यातल्या दोन गाड्या, जुन्या बाजारातले दोन भाव

पोर्शे कंपनीच्या ९११ या गाडीचे ‘टर्बो’ आणि ‘जीटी३’ असे दोन प्रकार स्टुटगार्टमधील त्सुफेनहाउझेनच्या एकाच कारखान्यात तयार होतात. दोघींचे छप्पर एकाच वळणाचे, दिवे सारखेच गोल, आणि सहा सिलिंडरचे इंजिन दोघींतही मागच्या चाकांच्या पलीकडे बसवलेले असते. त्यामुळे नवख्या माणसाला दोन्ही म्हणजे ‘सगळ्यात वेगवान ९११’ वाटतात, आणि त्यातून साहजिकच असा समज होतो की जी अधिक महाग आणि अधिक वेगवान, तिचीच किंमत विकताना जास्त टिकेल. प्रत्यक्ष बाजार याच्या उलट वागतो. अमेरिकेत २०२० मध्ये आलेल्या टर्बो एसची, म्हणजे टर्बोच्याच अधिक ताकदवान प्रकाराची, मूळ किंमत २,०३,५०० डॉलर होती, तर पुढच्या वर्षी आलेल्या जीटी३ची १,६१,१०० डॉलर. शोरूममध्ये टर्बो एस बेचाळीस हजार डॉलरांनी वरचढ होती. तरीही वापरलेली जीटी३ अनेकदा आपल्या मूळ किमतीच्या वर विकली गेली आहे, आणि टर्बोला मात्र सर्वसाधारण काळात इतर कोणत्याही महागड्या गाडीसारखाच घसारा लागत आला आहे. हा फरक कशातून येतो हे नीट समजल्याशिवाय या दोन गाड्यांच्या जाहिरातींतील आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

आधी ओळख पक्की करू. टर्बोच्या इंजिनात टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारी यंत्रे, असतात, १९९५ पासून तिची ताकद चारही चाकांना मिळते, आणि मागच्या रुंद मडगार्डांवर हवा आत घेणाऱ्या झडपा दिसतात. मागे सहसा, लहान का होईना, दोन जागा असतात. रोज वापरता येईल अशी, पावसातही निश्चिंतपणे चालवता येईल अशी ही गाडी आहे. जीटी३ १९९९ मध्ये आली. तिच्या इंजिनात टर्बोचार्जर नाही, ताकद फक्त मागच्या चाकांना जाते, मागच्या जागा सहसा काढून टाकलेल्या असतात, आणि शेपटीवर न हलणारा मोठा पंख असतो. अपवाद ‘टूरिंग’ या उपप्रकाराचा. त्यात हा पंख नसतो, म्हणून तो ओळखायला सर्वांत अवघड जातो. ‘टर्बो’ या शब्दावर मात्र विसंबू नये. २०१५ च्या फेरबदलापासून साध्या ९११ कॅरेराच्या इंजिनातही टर्बोचार्जर आहेत, आणि पोर्शेच्या विजेवर चालणाऱ्या टायकानच्या वरच्या प्रकारालाही ‘टर्बो’ असेच नाव दिलेले आहे, जरी त्या गाडीत इंजिनच नाही.

आता भावाच्या फरकाचे पहिले कारण पाहू, जे मला सर्वांत मूलभूत वाटते. टर्बो विकत घेणारा माणूस वेग विकत घेतो, आणि वेग ही अशी वस्तू आहे की तिची पुढची आवृत्ती नेहमी अधिक चांगली असते. १९७५ च्या पहिल्या टर्बोची ताकद २६० अश्वशक्ती होती. १९७८ मध्ये ती ३०० झाली, १९९५ मध्ये ४०८, २००० मध्ये ४२०, २००६ मध्ये ४८०. २०२० च्या टर्बो एसमध्ये ६५०, आणि २०२५ च्या हायब्रिड टर्बो एसमध्ये ७११. ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला २०२० च्या गाडीला २.७ सेकंद लागत, नव्या गाडीला २.५ लागतात. म्हणजे ज्या गुणासाठी मालकाने पैसे मोजले, नेमक्या त्याच गुणात त्याची गाडी चार-पाच वर्षांत मागे पडते, आणि ही मागे पडण्याची तारीख कारखान्याच्या वेळापत्रकात जवळजवळ ठरलेली असते. जुनी टर्बो घेणाऱ्याला हे ठाऊक असते आणि तो त्या हिशेबानेच भाव सांगतो.

जीटी३चीही ताकद वाढत गेली, ३६० पासून ५१० अश्वशक्तीपर्यंत. पण २०२१ च्या जीटी३ची ५१० अश्वशक्ती २०२४ च्या सुधारित गाडीतही ५१०च राहिली, आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, तर ४७० न्यूटन-मीटरवरून ४५० वर उतरला, कारण प्रदूषणाच्या नियमांसाठी धूर शुद्ध करणारी जास्तीची यंत्रणा बसवावी लागली. जीटी३ घेणारा मुळात सेकंदांसाठी पैसे देत नाही. मिनिटाला ९,००० फेरे घेणारे, टर्बोचार्जरशिवायचे चार लिटरचे इंजिन, त्याचा आवाज, आणि हवा असल्यास मॅन्युअल गिअर, या गोष्टींसाठी तो पैसे देतो. या गोष्टी पुढच्या पिढीत अधिक चांगल्या होतील याची हमी नाही. उलट त्या मुळात राहतील का, हीच धाकधूक आहे. जुन्या टर्बोशी नवी टर्बो स्पर्धा करते. जुन्या जीटी३शी तशी स्पर्धा करणारे फारसे कोणी नसते.

दुसरे कारण पुरवठ्याचे आहे आणि ते समजायला सोपे आहे. वापरलेल्या वस्तूच्या किमतीला वरची मर्यादा नव्या वस्तूची किंमत घालते, पण केवळ तेव्हाच, जेव्हा नवी वस्तू त्या किमतीला खरोखर मिळते. टर्बो एस हवी असेल तर सामान्यतः ऑर्डर देऊन काही महिने थांबल्यावर ती मिळू शकते, म्हणून जुन्या टर्बोसाठी नव्यापेक्षा जास्त पैसे देण्याचे कोणाला कारण नसते. जीटी३ची संख्या कंपनीने कागदोपत्री मर्यादित केलेली नाही. परंतु प्रत्येक डीलरच्या वाट्याला येणाऱ्या गाड्या थोड्या असतात, आणि त्या बहुधा जुन्या, नियमित ग्राहकांना दिल्या जातात. रांगेत ज्याचा नंबर लागत नाही त्याच्यासाठी छापील किंमत नुसती कागदावर राहते, आणि त्याची खरी सुरुवात जुन्या बाजारातल्या भावापासून होते.

हे दोन मुद्दे एकत्र कसे काम करतात, आणि किती लवकर उलटू शकतात, याचे उत्तम उदाहरण ९११ आर या गाडीचे आहे, आणि जीटी३ घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ते मुळापासून समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. २०१३ च्या जीटी३मध्ये पोर्शेने मॅन्युअल गिअर ठेवलाच नाही. फक्त पीडीके हा दोन क्लचांचा स्वयंचलित गिअरबॉक्स दिला. चाहते नाराज झाले. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर आणली : ५०० अश्वशक्तीचे चार लिटरचे इंजिन, सहा गतींचा मॅन्युअल गिअर, पंख नाही, आणि एकूण गाड्या फक्त ९९१. अमेरिकेतली तिची मूळ किंमत १,८४,९०० डॉलर होती, पण पहिल्या काही महिन्यांतच ती त्याच्या कित्येक पट भावाने विक्रीला लागली. लोकांनी हिशेब केला की मॅन्युअल गिअरची अशी गाडी पुन्हा येणार नाही. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, सुधारित जीटी३ आली. तिच्यातही चार लिटरचे ५०० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि मॅन्युअल गिअरचा पर्याय परत आला होता. मग पंखाशिवायची टूरिंगही आली. आरचे चढलेले भाव तेव्हा खाली आले. ९९१ हा आकडा बदलला नव्हता, गाडीतही काही बदलले नव्हते. बदलली होती ती फक्त दुसरीकडे तीच गोष्ट मिळण्याची शक्यता. शिखरावर असताना ज्यांनी ती घेतली त्यांचे नुकसान कोणत्याही टर्बोच्या घसाऱ्याहून मोठे झाले. त्यामुळे ‘जीटी३ची किंमत पडत नाही’ हे विधान निसर्गनियम म्हणून कोणी सांगत असेल तर ते मान्य करू नये. ती कारखान्याच्या पुढच्या निर्णयापर्यंत टिकते.

२०२१ आणि २०२२ या वर्षांचे आकडेही असेच जपून वाचावे लागतात. सेमीकंडक्टर चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्या वेळेवर मिळेनात, आणि तेव्हा टर्बो एससुद्धा अनेक ठिकाणी मूळ किमतीच्या वर विकली गेली. पुरवठा सुरळीत झाल्यावर टर्बोचा भाव आपल्या जुन्या सवयीकडे वळला. त्या दोन वर्षांतल्या व्यवहारांची सरासरी काढून दोन्ही गाड्या ‘सारख्याच टिकतात’ असे ठरवणे चुकीचे होईल. त्याचप्रमाणे जाहिरातीत मागितलेली किंमत आणि व्यवहारात मिळालेली किंमत यांत गल्लत करू नये. जीटी३च्या बाबतीत मागणाऱ्यांचे धैर्य मोठे असते, आणि महिनोन्‌महिने न विकलेली गाडी यादीत तशीच दिसत राहते.

दोष आणि दुरुस्त्या यांचाही भावावर परिणाम होतो, पण दोन गाड्यांवर वेगळा. १९९७ नंतरच्या, कंपनीच्या ९९६ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या पिढीतील साध्या कॅरेरात इंजिनातल्या मधल्या दांड्याचे बेअरिंग निकामी होण्याची भीती असते आणि ते गेले तर इंजिनच जाते. त्या पिढीच्या टर्बो आणि जीटी३मध्ये मात्र पोर्शेचे इंजिन-अभियंता हान्स मेझगर यांच्या परंपरेतले, शर्यतीच्या गाड्यांशी नाते सांगणारे वेगळे इंजिन आहे आणि त्यात हा दोष नाही. तरीही ९९६ या नावाला लागलेला डाग टर्बोलाही अनेक वर्षे भोवला, आणि ४२० अश्वशक्तीची ही गाडी दीर्घकाळ तिच्या योग्यतेहून स्वस्त मिळत राहिली. जीटी३ला त्या मानाने कमी झळ लागली, कारण तिचे ग्राहक इंजिनाचा वंश ओळखणारे होते.

जीटी३चा स्वतःचा कठीण प्रसंग २०१४ मध्ये आला. नव्या जीटी३च्या काही गाड्यांना आग लागली, पिस्टनला इंजिनाच्या मुख्य दांड्याशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल होत असल्याचे निष्पन्न झाले, आणि पोर्शेने जगभरातल्या ७८५ गाड्यांची इंजिने बदलून दिली. पुढे त्याच पिढीच्या इंजिनांवर कंपनीने वाढीव, दहा वर्षांची हमी दिली आणि ती गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. या हमीने ती पिढी बाजारात सावरली. पण २०१३-१४ ची गाडी घेताना हमीचा काळ किती उरला आहे हे विचारणे आता अधिकच गरजेचे झाले आहे, कारण दहा वर्षे पहिल्या गाड्यांची उलटून गेली आहेत.

तपासणीतही फरक आहे. टर्बोबद्दल विचारायचे ते साधारण कोणत्याही वेगवान गाडीबद्दल विचारायचे प्रश्न : किती किलोमीटर चालली, सर्व्हिसच्या नोंदी सलग आहेत का, इंजिनाच्या संगणकात बाहेरून फेरफार करून ताकद वाढवलेली नाही ना. शेवटचा प्रश्न टर्बोला खास लागू पडतो, कारण टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाची ताकद वाढवणे सोपे असते आणि विकण्यापूर्वी मूळ रचना परत बसवणेही सोपे असते. जीटी३बद्दल मात्र किलोमीटरांपेक्षा ते कुठे धावले हे महत्त्वाचे. शर्यतीच्या ट्रॅकवरचे दोन हजार किलोमीटर हमरस्त्यावरच्या वीस हजारांना भारी पडू शकतात. मॅन्युअल गाडीत चालकाने चुकून खालचा गिअर टाकला तर इंजिनाचे फेरे मर्यादेपलीकडे जातात. त्याची नोंद संगणकात, फेरे किती वर गेले त्यानुसार, टप्प्याटप्प्यांत राहते आणि डीलरकडून ती काढून घेता येते. वरच्या टप्प्यांत नोंदी असलेल्या गाडीला चांगला भाव मिळत नाही, आणि मिळू नये. पिवळ्या कॅलिपरचे (चकतीला पकडणाऱ्या भागाचे) सिरॅमिक ब्रेक असतील तर चकत्यांची झीज जाडीपेक्षा वजनावरून पाहिली जाते. किमान वजन चकतीवरच लिहिलेले असते. हे ब्रेक बदलण्याचा खर्च इतका आहे की तो सौद्याच्या किमतीतच धरावा लागतो.

जास्तीच्या सोयींचे गणितही दोघींचे जुळत नाही. टर्बोवर हौसेने घातलेल्या उत्तम ध्वनियंत्रणेचे किंवा शिवलेल्या चामड्याचे पैसे फारसे परत येत नाहीत. जीटी३मध्ये मात्र मॅन्युअल गिअर आणि टूरिंग हे पर्याय नवी घेताना विनामूल्य असूनही पुढे भावात उमटतात, आणि कार्बनच्या पाठीच्या पातळ खुर्च्या किंवा नाक उचलण्याची यंत्रणा नसलेली गाडी विकायला अधिक वेळ लागतो.

भारतात या दोन्ही गाड्या बाहेरून पूर्ण तयार होऊन येतात, त्यामुळे मालकाने भरलेल्या रकमेचा मोठा भाग सीमाशुल्काचा आणि करांचा असतो. अमेरिकेतल्या लिलावाचा डॉलरमधला आकडा रुपयांत बदलून इथल्या जीटी३ला लावणे म्हणूनच निरर्थक आहे. इथला खरेदीदार इथेच शोधावा लागतो, आणि शुल्काचा दर खाली आला तर जुन्या गाडीच्या भावालाही त्याचा धक्का बसतो.

टर्बोच्या बाजूने मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती वरच्या सगळ्या विवेचनाला धरूनच आहे. जेव्हा एखाद्या टर्बोची जागा घेणारी दुसरी टर्बो उरत नाही, तेव्हा तिचा भावही जीटी३सारखा वागू लागतो. १९९८ मध्ये संपलेल्या ९९३ पिढीची टर्बो हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची टर्बो ठरली, आणि आज तिची किंमत नंतरच्या, तिच्याहून कितीतरी वेगवान टर्बोंपेक्षा जास्त आहे. मॅन्युअल गिअर तर २०१३ च्या पिढीपासून टर्बोत मिळतच नाही. त्याआधीच्या, २००६ ते २००९ या काळातल्या गाड्यांत मेझगर यांच्या परंपरेतले इंजिन आणि मॅन्युअल गिअर दोन्ही एकत्र मिळतात. त्याच वर्षीची, त्याच रंगाची, तेवढेच किलोमीटर चाललेली स्वयंचलित टर्बो तिच्या शेजारी विक्रीला असेल, तर दोघींच्या किमतींत दिसणारे अंतर जवळजवळ सगळे क्लचच्या त्या तिसऱ्या पेडलचे असते.