बशीएवढ्या बागेमागची गोष्ट

जळगाव-धुळ्याच्या नर्सऱ्यांत अलीकडे एक वेगळा कोपरा दिसतो. पसरट कुंड्या, काचेच्या बरण्या, पांढरे खडे, मातीची इवली घरं आणि त्यांच्याभोवती लावायला बोटभर उंचीची जिवंत रोपं. बघणारे म्हणतात, हे शहरातून आलेलं नवं खूळ. मला तसं वाटत नाही. बरणी बाहेरून आली असेल, पण लहानशा भांड्यात हिरवं उगवून त्याकडे रोज बघत बसणं आमच्या घरांना नवीन नाही.

आश्विन शुद्ध प्रतिपदेला आजी शेतातून आणलेली काळी माती चाळायची, टोपलीत पसरायची, मधोमध घट ठेवायची आणि भोवती गहू, ज्वारी, मूग असं धान्य पेरायची. रोज सकाळी ओंजळीनं पाणी शिंपडायचं. देवघरात ऊन पोहोचत नाही, म्हणून ते अंकुर उंच, नाजूक आणि पिवळसर वाढतात. उजेड मिळाला नाही की रोपात हरितद्रव्य तयार होत नाही आणि ते उजेडाच्या शोधात नुसतं ताणत जातं. आम्हाला मात्र तो पिवळा रंग देवीचाच वाटायचा. दसऱ्याला तेच अंकुर उपटून घरातले पुरुष टोपीत खोवायचे. कोणतं धान्य जोमानं आलं यावरून रब्बीचा अंदाज बांधला जायचा. श्रद्धा बाजूला ठेवली तरी ही बियाण्याची उगवण तपासायची रीतच होती.

प्राचीन ग्रीसमध्येही याच्याशी विलक्षण जुळणारी रीत होती. ॲडोनिस या तरुण मेलेल्या देवाच्या सणाला अथेन्सच्या बायका फुटक्या मडक्यांत गहू, सातू, सॅलडचा पाला आणि बडीशेप पेरून ती मडकी ऐन उन्हाळ्यात घराच्या छपरावर ठेवत. रोपं भराभर उगवत आणि तितक्याच लवकर सुकत. मग ती पाण्यात सोडून देत. प्लेटोनं आपल्या एका संवादात या आठ दिवसांच्या बागांचा दाखला दिला आहे: शहाणा शेतकरी आपलं खरं बियाणं असं वाया घालवणार नाही. आमच्या घटांशी या रीतीचा संबंध होता, असं मी म्हणत नाही. पण छपरावरचं ते मडकं वाचलं की मला आजीची टोपलीच दिसते.

ताटात अख्खा डोंगर मांडायची कला चीनची. शीआनजवळ तांग राजपुत्र झांगह्वाई याचं इसवी सन ७०६ मधलं थडगं आहे. तिथल्या भिंतीवरच्या चित्रात एक सेवक हातात ताट घेऊन चालला आहे आणि ताटात खडक आणि छोटी झाडं आहेत. या कलेला तिकडे पेनजिंग म्हणतात. जपानात तिच्यातून बोन्साय वाढलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तोशिओ कावामोतो यांनी साइकेई हा प्रकार रूढ केला. जुनं, महागडं बोन्साय परवडेना, म्हणून कोवळी, स्वस्त रोपं दगडांसोबत ताटात लावून त्यांनी देखावे उभे केले. आज कुंडीत दगड आणि जेडचं मांसल पानांचं रोप लावणारा माणूस नकळत त्यांच्याच वाटेनं जात असतो.

काचेच्या बरणीची कुळकथा मात्र लंडनची. नॅथॅनिएल वॉर्ड हे तिथल्या गोदी भागातले डॉक्टर. नेचे वाढवायची त्यांना हौस होती, पण कोळशाच्या धुरात ते जगत नसत. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला. काही दिवसांनी त्या मातीतून एक नेचा आणि गवताचं पातं वर आलं. दिवसा मातीतली ओल वाफ होऊन काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे, त्यामुळे बाहेरून पाणी घालावंच लागत नव्हतं. ती रोपं जवळजवळ चार वर्षं तशीच जगली. शेवटी झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि ती कुजली.

वॉर्डनी मग काचेच्या बंद पेट्याच बनवल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या जहाजावरून सिडनीला पाठवल्या आणि आतली रोपं जिवंत पोहोचली. त्याआधी लांबच्या समुद्रप्रवासात खाऱ्या वाऱ्यानं आणि गोड्या पाण्याच्या टंचाईनं बहुतेक रोपं वाटेतच मरत. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पती गोळा करणाऱ्या माणसानं चीनमधली हजारो चहाची रोपं याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आणली. दिवाणखान्यातली बरणी खरं तर या जहाजी पेटीची शोभिवंत धाकटी बहीण. १८४५ मध्ये इंग्लंडनं काचेवरचा कर उठवला, काच स्वस्त झाली आणि घरोघरी नेच्यांच्या पेट्या दिसू लागल्या.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या माणसानं थबकून वाचावा असा भाग यापुढेच आहे. इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थ या सरदारी वाड्याच्या काचघरात तिथले मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन एक ठेंगणी केळ वाढवत होते. १८३५ मध्ये ती फुलोऱ्यावर आली आणि मालकाच्या घराण्यावरून तिला कॅव्हेंडिश नाव पडलं. काही वर्षांतच जॉन विल्यम्स या मिशनऱ्यानं तिची रोपं वॉर्डच्या पेटीतून सामोआ बेटावर नेली. आपली बसराई ही केळीची जात ठेंगण्या कॅव्हेंडिशपैकीच, आणि आज बागाबागांतून दिसणारी ग्रँड नैन ही जातही त्याच गोतावळ्यातली. आपली केळी त्या पेटीतून आली नाही, पण भाऊबंदकी खरी.

बाटलीशी केळीचं नातं पुढे आणखी घट्ट झालं. १९९० च्या दशकापासून जळगाव जिल्ह्यात टिश्यू कल्चरची, म्हणजे झाडाच्या लहानशा तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं पसरली. प्रयोगशाळेतल्या मांडणीवर ओळीनं बाटल्या, आत अगरची (समुद्री शेवाळापासून काढलेल्या पदार्थाची) जेली आणि जेलीवर करंगळीएवढी केळ. मला तरी ती आपल्या भागातली सर्वांत सुंदर छोटी बाग वाटते. या बाटलीतली हवा इतकी दमट असते की पानांवर मेणाचा थर नीट धरत नाही आणि पर्णरंध्रांना मिटायची सवय लागत नाही. असं रोप थेट वावरात लावलं तर दुपारपर्यंत माना टाकतं. म्हणून ते आधी हिरव्या शेडनेटखाली आठवडेच्या आठवडे कणखर करावं लागतं.

बंद काच आणि आपलं ऊन यांचं जमत नाही, हे न कळल्यामुळे मी नेच्यांची एक बंद बरणी गमावली. चैत्रात खिडकीत ठेवली होती. काचेतून ऊन आत शिरतं, उष्णता मात्र बाहेर पडत नाही. दोन दिवसांत सगळं शिजल्यासारखं काळं पडलं. लंडनच्या धुरावरचा तो उपाय होता. भुसावळात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथे बंद काच उन्हात ठेवणं म्हणजे रोपांची भट्टी लावणं. इथे उघडं, उथळ, निचऱ्याचं भांडं हवं. काळी मातीही नुसती चालत नाही. ती ओली झाली की फुगते, वाळली की तडकते आणि बारीक मुळं तोडते. गिरणेची वाळू, पोयटा आणि थोडं मुरलेलं शेणखत असं मिश्रण आमच्याकडे टिकतं.

भांड्याचा प्रश्न मात्र आपल्याकडे आधीच सुटलेला आहे. इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात क्लॅरेन्स इलियट यांनी शेतांवर पडून असलेल्या, गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोण्यांत डोंगरी रोपं लावायला सुरुवात केली आणि त्या बागांचं वेडच लागलं. आपल्या खळ्यांत, पडक्या वाड्यांत गुरांच्या डोण्या, उखळं, जात्याच्या तळ्या तशाच पडून आहेत. आमच्या मागच्या दारीही एक डोणी होती. तिच्या बुडाला भोक पाडायला पाथरवट शोधण्यात महिना गेला. त्यात आता पानफुटी, जेड आणि चिनी गुलाब आहेत, दोन उन्हाळे निंबाच्या सावलीत काढलेले. पहिल्या पावसानंतर विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ खरवडून दगडाभोवती दाबलं की आषाढ-श्रावणभर ते हिरवंगार राहतं. चिनी गुलाब ऊन वर आलं की उमलतो आणि दुपारनंतर मिटतो. दसऱ्याला घटातले अंकुर निघाले की टोपलीतली माती मी याच डोणीत, वाळूत मिसळून टाकतो.