रिपोर्टमध्ये एएलपी वाढलेलं दिसलं तर

रिपोर्ट हातात पडला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. बऱ्याचदा तो अल्कलाइन फॉस्फेटेजचा, म्हणजे एएलपीचा असतो. मग आमच्या लॅबच्या काउंटरवर ठरलेला प्रश्न येतो, "लिव्हर खराब झालंय का?" एवढ्यावरून ते सांगता येत नाही.

हे एन्झाइम यकृतात असतं तसंच हाडांत, आतड्यात, मूत्रपिंडात आणि गर्भवतीच्या वारेतही असतं. त्याचं काम रेणूला चिकटलेला फॉस्फेट सुटा करण्याचं. हाडांत पायरोफॉस्फेट नावाचा पदार्थ कॅल्शियम साचू देत नाही. एएलपी तो फोडतं आणि हाड टणक होतं. म्हणूनच उंची वाढत असलेल्या मुलांत आकडा मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो. प्रौढांची मर्यादा साधारण लिटरमागे 40 ते 130 युनिट (लॅबच्या पद्धतीप्रमाणे थोडी इकडेतिकडे). 13 वर्षांच्या मुलाचा 350 तिच्याशी ताडून घाबरू नका. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतही तो चढतो, बाळंतपणानंतर उतरतो.

प्रौढांत वाढ दिसली तर डॉक्टर बहुधा जीजीटी (यकृताचंच, पण हाडांत नसलेलं दुसरं एन्झाइम) करायला सांगतात. तेही वाढलेलं असेल तर संशय यकृतावर, त्यातही खड्याने किंवा गाठीने अडलेल्या पित्तनलिकेवर. जीजीटी नॉर्मल असेल तर हाडांकडे बघायचं: ड जीवनसत्त्वाची कमतरता, जुळत आलेलं फ्रॅक्चर, पॅजेटचा आजार, क्वचित हाडांत पसरलेला कर्करोग.

कमी आकड्याकडे मात्र कुणी बघत नाही, आणि आम्हाला तोच जास्त खटकतो. झिंक कमी पडणं, थायरॉइड मंदावणं ही कारणं असू शकतात. हायपोफॉस्फेटेशिया या दुर्मिळ आनुवंशिक आजारात तर लहान मुलांचे दुधाचे दात पाच वर्षांच्या आतच मुळासकट पडतात.

कधी दोष नळीचाही असतो. एएलपीला झिंक आणि मॅग्नेशियम लागतं. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, नेमकं तेच धरून ठेवतं. त्यातलं रक्त चुकून एएलपीच्या नळीत मिसळलं तर एएलपी आणि कॅल्शियम दोन्ही खोटेच खाली येतात. आमच्याकडे रक्त घेताना जांभळी नळी नंतर भरतात, ती यासाठी.

तेलकट-तुपकट जेवणानंतर, विशेषतः ओ आणि बी रक्तगटाच्या काही लोकांत, आतड्यातलं एएलपी रक्तात वाढतं, म्हणून उपाशीपोटी या. नुकतंच हाड मोडलं असेल, दिवस गेले असतील किंवा फिटची गोळी चालू असेल, तर फॉर्म भरतानाच सांगा.