बंगल्यात लपवलेले पंप

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डंजनेसजवळ ग्रेटस्टोन नावाचं गाव आहे. तिथले काही बंगले दुसऱ्या महायुद्धात घरं नव्हतीच. आत पंप होते आणि ते समुद्राखालून थेट फ्रान्सपर्यंत पेट्रोल ढकलायचे. जर्मन विमानातून पाहणाऱ्याला साधी वस्ती दिसावी म्हणून हा सगळा थाट. त्यातल्या काही बंगल्यांत आज खरोखर माणसं राहतात.

योजनेचं नाव 'प्लूटो'. पाठपुरावा होता लॉर्ड माउंटबॅटन यांचा, म्हणजे आपल्याकडे पुढे व्हाइसरॉय म्हणून आले तेच. तेल कंपनीतले अभियंते आर्थर हार्टली यांनी १९४२ मध्ये सुचवलं, की समुद्राखालून तारयंत्राची केबल जाते, तशीच केबल घ्यायची, मधली तांब्याची तार काढायची आणि त्या पोकळीतून पेट्रोल न्यायचं.

या नळीचा आडवा काप बघण्यासारखा असतो. मध्ये शिशाची नळी. तिच्यावर डांबरी कागद आणि कापडाच्या पट्ट्या, मग पोलादी पट्ट्यांचे वेढे, मग तागाची गादी, त्यावर पोलादी तारांचं चिलखत आणि सगळ्यात बाहेर पुन्हा डांबरात भिजवलेला ताग. शिसं मऊ, त्यामुळे पंपाच्या दाबाने ते फुटू नये हे काम पट्ट्यांचं. जहाजावरून सोडताना बसणारी ओढ तारांनी सोसायची. आता बाहेरचा दाब. समुद्रात दर १० मीटरला वातावरणाएवढा एकेक दाब वाढतो. रिकामी नळी तळाशी चेपलीच असती, म्हणून ती आत पाणी दाबाने भरूनच अंथरली.

दुसरा प्रकार निव्वळ पोलादी नळीचा. तीन इंची नळी ३० फूट व्यासाच्या चाकावर गुंडाळली तर वाकते, पण चुरगळत नाही. तेव्हा पाण्यावर तरंगणारी प्रचंड रिळंच बांधली आणि ती बोटींनी ओढत नेली. मला तर ही युक्ती पहिलीपेक्षाही धाडसी वाटते.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ६ जून १९४४ ला दोस्त सैन्याने फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर केलेल्या चढाईला हे पेट्रोल मिळालं नव्हतं. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या वाइट बेटाहून फ्रान्समधल्या शेरबुर्गला जाणारी पहिली नळी सप्टेंबरात सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत बंदही पडली. खरा पुरवठा झाला तो नंतर, डंजनेसहून फ्रान्समधल्या बुलोन शहराजवळ जाणाऱ्या आखूड मार्गाने. नळी जितकी लांब, तितका घर्षणात दाब खर्ची पडतो, त्यामुळे अंतर कमी झाल्याचा फायदा होताच. तरीही एकूण इंधनाच्या दहाव्या भागाहून कमीच प्लूटोतून गेलं. बाकीचं टँकर जहाजांनी वाहिलं.

युद्धानंतर शिसं महाग होतं. समुद्रातली बहुतेक नळी वर काढून वितळवली गेली. वाइट बेटावर शँकलिनच्या घळीत तिचा एक लांब तुकडा मात्र जपून ठेवलाय. प्लूटोचे असे जे थोडे तुकडे उरलेत, त्यातला एखादा तरी आडवा कापून प्रत्येक ठिकाणी मांडावा, असं मला मनापासून वाटतं. बाहेरून तो नुसता काळपट दोरखंड दिसतो. शिसं, कागद, पोलाद आणि ताग हे सगळं आतच आहे.