जड स्टँड म्हणजे सुरक्षित स्टँड?

‘स्टँड जड असला की स्पीकर पडत नाही’ हा समज अर्धाच खरा. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे, हे महत्त्वाचं. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला उंच स्वर काढणारा छोटा भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा म्हणून स्पीकर वर चढवतात. भार वर, पाया अरुंद. त्यात एखादं मूल कडेला लोंबकळलं की गुरुत्वमध्य पायाच्या बाहेर जातो आणि मग तोच जडपणा घातक ठरतो. म्हणून रुंद पाया निवडा. पोकळ खांबात कोरडी वाळू भरलीच तर तळाशी भरा. स्पीकर नुसता टेकवून ठेवू नका, स्टँडला पक्का करा आणि स्टँड वरच्या बाजूने पट्ट्याने भिंतीला बांधा. गुळगुळीत फरशीवर स्टँडच्या पायाखालचे टोकदार स्पाइक ओरखडेच जास्त देतात. वायर भिंतीलगत न्या. रांगतं मूल आधी तीच ओढतं.