तीनशेला पास: अमेरिकेतल्या ऑप्टोमेट्री परवाना परीक्षेच्या गुणांमागची गोष्ट

अमेरिकेत ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर देणारा व्यावसायिक, व्हायचं तर नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनर्स इन ऑप्टोमेट्रीची परीक्षा द्यावी लागते. तिच्या लेखी भागांचा निकाल १०० ते ९०० या पट्टीवर येतो आणि ३०० ला पास. पस्तीस टक्क्यांवर वाढलेल्या आपल्या मनाचा हिशोब लगेच सुरू होतो: नऊशेपैकी तीनशे म्हणजे तेहेतीस टक्के, म्हणजे दहावीपेक्षाही सोपं! पण या ३०० चा टक्क्यांशी काही संबंध नाही. पट्टी शून्यापासून सुरू होत नाही, यावरूनच शंका यायला हवी. हा आकडा असा का, हे कळायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

तेव्हा चष्म्याचा नंबर काढणारा माणूस कारागीर समजला जाई. काच विकायची, तपासणी फुकट. न्यूयॉर्कमधल्या चार्ल्स प्रेंटिस या चष्मेवाल्याने १८९० च्या दशकात तपासणीचे तीन डॉलर वेगळे लावले आणि एका नामवंत नेत्रतज्ज्ञाने हरकत घेतली: डॉक्टर नसताना फी कशी घेता? हा वाद पत्रांतून रंगला आणि त्यातूनच कायद्याची मागणी पुढे आली. (प्रेंटिस मुळात गणिती डोक्याचा माणूस. प्रिझममधून जाताना प्रकाश किती वळतो हे मोजणारं प्रिझम डायॉप्टर हे माप त्याचंच.) पण न्यूयॉर्कला कायदा व्हायला १९०८ उजाडलं. त्याआधीच, १९०१ मध्ये, मिनेसोटाने बाजी मारली होती. १९२४ पर्यंत सगळ्या राज्यांत ऑप्टोमेट्रीचे कायदे झाले.

कायदा राज्याचा, म्हणून परीक्षाही राज्याची. प्रत्येक राज्याचं परीक्षक मंडळ वेगळं, प्रश्नपत्रिका वेगळी, पासिंगची रेघही आपापली. एका राज्यात पास झालेल्याला शेजारच्या राज्यात दुकान थाटायचं तर पुन्हा परीक्षा. आपल्याकडे तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक कोण येतो यावर पोरांचं नशीब ठरतं, तसाच हा प्रकार. १९५१ मध्ये राष्ट्रीय मंडळ स्थापन झालं ते याच गोंधळावर उतारा म्हणून. परवाना मात्र आजही राज्याचं मंडळच देतं. राष्ट्रीय मंडळ फक्त परीक्षा घेतं आणि गुण कळवतं.

आता गुणांचा खरा पेच. प्रश्नपत्रिका दर वेळी बदलते आणि कितीही काळजी घेतली तरी एखादी जरा सोपी, एखादी जरा अवघड निघतेच. पासिंगला ठरावीक टक्के धरले तर अवघड पेपर वाट्याला आलेल्यावर अन्याय होतो. वरचे इतके टक्के पास असं धरलं तर हुशार बॅचमधला चांगला विद्यार्थी नापास आणि कच्च्या बॅचमधला कच्चा विद्यार्थी पास. परवान्याच्या परीक्षेत प्रश्न ‘पहिला कोण’ हा नसतोच. या माणसाच्या हाती रुग्णाचा डोळा द्यायचा की नाही, एवढंच ठरवायचं असतं.

परीक्षाशास्त्रात यावर विचार झाला. लिओ नेडेल्स्की यांनी १९५४ मध्ये आणि विल्यम अँगॉफ यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या रीती अनेक व्यवसायांच्या परीक्षांत आजही वापरतात. अँगॉफची रीत ऐकायला गमतीची आहे. अनुभवी जाणकार एकत्र बसतात आणि डोळ्यांसमोर एक काठावरचा उमेदवार आणतात: जेमतेम लायक, पण लायक. मग एकेक प्रश्न घेऊन अंदाज बांधतात, की असे शंभर उमेदवार असतील तर हा प्रश्न किती जणांना येईल. त्या अंदाजांच्या सरासऱ्यांची बेरीज म्हणजे पासिंगची रेघ. माणसांच्या अंदाजावर उभी असलेली ही रीत मला आधी कच्ची वाटली होती. पण ‘पस्तीस’ कुठून आले, याचं तर तेवढंही उत्तर देता येत नाही.

ही रेघ मग पट्टीवर एका जागी खिळवतात. समजा, एका पेपरात ती ६५ बरोबर उत्तरांवर पडली आणि पुढचा पेपर अवघड निघाल्याने ६१ वर. दोन्हींना निकालपत्रात ३०० च लिहायचं. म्हणून आपले नेमके किती प्रश्न बरोबर आले, हे ३०० वरून उलटं काढता येत नाही. त्यात काही प्रश्न निव्वळ चाचणीसाठी घातलेले असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, आणि ते कोणते हे उमेदवाराला सांगत नाहीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरं सोडण्यात शहाणपण नाही.

दरम्यान व्यवसायाचा आवाकाही वाढत गेला. १९७१ मध्ये ऱ्होड आयलंडने ऑप्टोमेट्रिस्टांना तपासणीसाठी डोळ्यात औषधाचे थेंब घालायला मुभा दिली, १९७६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने औषधोपचाराची. त्यामुळे डोळ्यांच्या रोगांवरच्या उपचारांची परीक्षा आली. आज ती परीक्षेच्या दुसऱ्या लेखी भागातच गुंफलेली आहे, पण तिचे गुण वेगळेही दाखवतात.

प्रात्यक्षिकाचं दुखणं निराळं. पूर्वी ते ठिकठिकाणच्या कॉलेजांत होई. २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट इथे एकच केंद्र उघडलं, तिथे रुग्णाची भूमिका करणारी शिकवलेली माणसं असतात. खोली तीच, यंत्रं तीच, परीक्षक त्याच तालमीतले. विमानभाडं भरून तिथे जावं लागतं म्हणून विद्यार्थ्यांची कुरकुर असते, आणि ती काही खोटी नाही.

आपल्या बी. ऑप्टोम. पदवीवर ही परीक्षा थेट देता येत नाही. आधी तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजात शिकावं लागतं, मग पुण्या-मुंबईहून गेलेल्यालाही तेच ३०० गाठायचे. भारतात ऑप्टोमेट्री २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याखाली आली, आणि त्या कायद्यात पदवीनंतरच्या समान परवाना परीक्षेची तरतूद आहे.