क्वेरी पॅरामीटरद्वारे फिल्टरिंग

सर्व्हरकडील नोंदींपैकी हव्या तेवढ्याच परत मिळाव्यात म्हणून विनंतीच्या यूआरएलमध्ये (वेब-पत्त्यात) अटी घालण्याची पद्धत. प्रश्नचिन्हानंतर ‘नाव=मूल्य’ अशा जोड्या लिहिल्या जातात; ‘/पुस्तके?भाषा=मराठी&वर्ष=१९६०’ या विनंतीतील दोन्ही अटी बॅकएंड (सर्व्हरवरील प्रणाली) बहुधा एसक्यूएल या डेटाबेस-भाषेच्या, नोंदी निवडणाऱ्या ‘व्हेअर’ कलमात उतरवतो. क्रमवारी आणि पानवार विभागणीही याच मार्गाने मागितली जाते.

प्रश्नचिन्हापुढे शोधशब्द लिहिण्याची रीत वेबच्या आरंभकाळातील आहे. ‘इझइंडेक्स’ हा जुना एचटीएमएल घटक असे शब्द अधिकचिन्हाने जोडून पाठवी. जोड्यांची पद्धत फॉर्मबरोबर, १९९३ च्या सुमारास रूढ झाली असावी; तिचे व्यवस्थित वर्णन एचटीएमएल २.० च्या विनिर्देशात (आरएफसी या इंटरनेटविषयक दस्तऐवजमालिकेतील क्र. १८६६, नोव्हेंबर १९९५) आढळते. यूआरआयचे (यूआरएल ज्यांत मोडतात त्या व्यापक ओळखचिन्हांचे) व्याकरण सांगणाऱ्या आरएफसी ३९८६ (जानेवारी २००५) मध्ये मात्र या जोड्यांचा उल्लेख केवळ प्रचलित वापर म्हणून येतो, म्हणून त्यांना यूआरएलचा अंगभूत नियम न मानता संकेत मानणे अधिक योग्य ठरते.

जोड्यांमधील विभाजकाचा वाद दीर्घकाळ चालला. ‘&’ या चिन्हाला एचटीएमएलमध्ये स्वतंत्र अर्थ असल्याने दुव्यांमध्ये ते लिहिताना अडचण येई; त्यामुळे सर्व्हरांनी अर्धविरामही स्वीकारावा, अशी सूचना आरएफसी १८६६ मधील एका टिपेत आणि पुढे एचटीएमएल ४.०१ (१९९९) च्या परिशिष्टात केली गेली. काही प्रोग्रामिंग लायब्ररींनी ती मानली, काहींनी नाही. परिणामी मधला कॅशे सर्व्हर (प्रतिसादांच्या प्रती साठवून देणारा) आणि मूळ ॲप्लिकेशन एकाच यूआरएलचे दोन अर्थ लावू शकत आणि या तफावतीचा फायदा घेऊन कॅशेमध्ये भलताच प्रतिसाद साठवून ठेवता येई. पायथनच्या प्रमाण लायब्ररीने २०२१ मध्ये अर्धविरामाला आपोआप मिळणारी मान्यता काढली. व्हॉटडब्ल्यूजी या वेब-मानके ठरवणाऱ्या गटाच्या यूआरएल मानकात केवळ ‘&’ आहे, आणि नव्या रचनेत तेवढेच पाळणे इष्ट होय.

एकच नाव दोनदा आल्यास काय करावे, याविषयीही एकवाक्यता नाही. ‘प्रकार=कथा&प्रकार=कविता’ या विनंतीतून सर्व्हरवरील तंत्रांपैकी पीएचपी शेवटचे मूल्य घेते, जावा सर्व्हलेटची ‘गेटपॅरामीटर’ पद्धत पहिले देते, तर जुने एएसपी दोन्ही स्वल्पविरामाने जोडते. २००९ मध्ये ओवॅस्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या परिषदेत या विसंगतीवर आधारलेले हल्ले ‘एचटीटीपी पॅरामीटर पोल्यूशन’ या नावाने मांडले गेले.

समानतेपलीकडच्या तुलनांसाठी ओडेटा या डेटा मागवण्याच्या पद्धतीत (ओएसिस या संस्थेचे मानक, २०१४) ‘जीटी’ (पेक्षा मोठे), ‘एलई’ (पेक्षा लहान किंवा समान) यांसारखी क्रियाचिन्हे असलेली जवळजवळ स्वतंत्र भाषाच आहे. एफआयक्यूएल (२००७) ही अशीच फिल्टर-भाषा मसुद्यापुढे गेली नाही. जेसन:एपीआय (२०१५) हे प्रोग्रामांमधील देवाणघेवाणीचे विनिर्देशपत्र ‘फिल्टर’ हे नाव राखून ठेवते आणि त्याची रचना अंमलकर्त्यावर सोडते. मोजक्या, नावानिशी जाहीर केलेल्या अटी पुरत असतील तेथे पूर्ण भाषा उघडी करणे धोक्याचे ठरते, कारण विनंतीतील प्रत्येक नाव तसेच्या तसे ओआरएमकडे (डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीकडे) दिले तर संबंधित तक्त्यातील पासवर्डच्या हॅशवर (सांकेतिक रूपावर) ‘अमुक अक्षराने सुरू होणारे’ अशी अट लावून तो एकेक अक्षराने ओळखता येतो. मूल्ये बाइंड केल्याने (क्वेरीच्या मजकुरापासून वेगळी पाठवल्याने) एसक्यूएल इंजेक्शन (मूल्यातून घुसवलेली घातक आज्ञा) टळते. स्तंभांची नावे बाइंड करता येत नसल्याने क्रमवारीसाठी मान्य नावांची यादीच लागते.

देवनागरी मूल्यांबाबत दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. ‘कऱ्हाड’मधील अर्धा र ‘ऱ’ला हलंत जोडून किंवा साध्या ‘र’ला हलंत व शून्यरुंदी जोडक (अदृश्य जोडचिन्ह) लावून टंकता येतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण युनिकोडचे सामान्यीकरण (समतुल्य वर्णक्रम एका रूपात आणण्याची प्रक्रिया) त्यांना एकरूप करत नाही, त्यामुळे तंतोतंत तुलनेत नोंद सापडत नाही. दुसरे असे की, यूटीएफ-८ या वर्णसंकेतनातील प्रत्येक देवनागरी वर्ण तीन बाइटांचा असल्याने टक्केचिन्हांच्या संकेतनात (प्रत्येक बाइटासाठी ‘%’ व दोन षोडशमान अंक) तो नऊ चिन्हे व्यापतो. ‘पुणे’च्या चार वर्णांची (प, उकार, ण, मात्रा) छत्तीस होतात. एचटीटीपीचे आरएफसी ९११० (२०२२) किमान ८,००० ऑक्टेटांचे (बाइटांचे) यूआरआय स्वीकारण्याची शिफारस करते. त्याहून लांब अटी सहसा ‘पोस्ट’ प्रकारच्या विनंतीच्या मुख्य भागातून पाठवतात.