नास्तिक नेमकं कोणाला म्हणायचं?

‘नास्तिक’ म्हणजे देव न मानणारा, हा अर्थ तसा अलीकडचा. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. पाणिनीच्या सूत्राचा अर्थ लावणाऱ्यांनी परलोक न मानणाऱ्याला नास्तिक म्हटलं. वेदांच्या कसोटीमुळे, वेद प्रमाण मानणारे पण जगाचा कर्ता ईश्वर नाकारणारे मीमांसक आस्तिकांच्या पंगतीत बसले आणि जैन-बौद्ध बाहेर राहिले. वेद आणि परलोक दोन्ही नाकारणाऱ्या चार्वाकांचं म्हणणं तर मुख्यतः विरोधकांच्या पोथ्यांतूनच कळतं.

महाराष्ट्रात 1873 साली सुरू झालेल्या सत्यशोधक चळवळीने भट-मध्यस्थ नाकारला, निर्मिक म्हणजे जग निर्माण करणारा देव नाही. नीतीला देवाचा टेकू लागत नाही, हे रोखठोक मांडलं ते 1888 साली निघालेल्या ‘सुधारक’ पत्राचे संपादक गोपाळ गणेश आगरकर यांनी. पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा निघाली.

पुढचा खरा पेच अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचा. तिने ठरवलं की देव मानता का, हे कोणाला विचारायचं नाही. देवाच्या नावावर होणारी लूट तेवढी अडवायची. कडव्या विवेकवाद्यांना ही पळवाट वाटली, तर विरोधकांना हा आडून केलेला नास्तिकपणाचा प्रचार वाटला. गावोगाव काम करायचं तर दुसरा रस्ता नव्हता, असं मला वाटतं. कार्यकर्ता देवळाच्या पायरीवर बसूनच बोलणार ना!

याच भूमिकेची छाप जादूटोणाविरोधी कायद्यावर आहे. अनेक वर्षं रखडलेलं, वारकऱ्यांच्या आक्षेपांनंतर पुन्हा पुन्हा पातळ झालेलं हे विधेयक. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात चळवळीचे नेते नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्यासाठी साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, असं सगळं येतं. मात्र वारी, कीर्तन, प्रवचन, संतांच्या चमत्कारांच्या कथा, इतकंच काय, जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले आणि जमिनीखालचं पाणी कुठे ते सांगणाऱ्या पाणाड्यांचे सल्लेही वगळलेले आहेत. देव आहे की नाही, या वादात कायदा शिरतच नाही. तरीही त्याला ‘नास्तिकांचा कायदा’ म्हणणारे आजही भेटतात.

2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की ‘मला धर्म नाही’ असं सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि सरकार कोणावर धर्म लिहिण्याची सक्ती करू शकत नाही. नास्तिक मंडळी हा निकाल अभिमानाने सांगतात. गंमत अशी की याचिका करणारे येशूला मानणारे होते; त्यांना फक्त ‘ख्रिस्ती’ हा शिक्का नको होता. म्हणजे देव होता, धर्म नव्हता. मीमांसकांच्या नेमकं उलट.

शिरगणतीत हा गुंता आणखी वाढतो. 2011 साली देशभरात जेमतेम 33 हजार जणांची नोंद नास्तिक म्हणून झाली, त्यांतले साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले. आणि ही सगळी माणसं मोजली गेली ती ‘इतर धर्म’ या रकान्यात.